‘एकाला झाला, आता पुढची तिघं सुरक्षित’: खुलासा

पुण्यातल्या फॅमिली ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरणारा समज: आनुवंशिक आजाराचा धोका चारात एक, म्हणून एका मुलाला झाला की पुढची तिघं निरोगी.

तसं होत नाही. जन्मजात अ‍ॅड्रिनल हायपरप्लेसिया घ्या, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत काही संप्रेरकं (हार्मोन्स) नीट न बनण्याचा आजार. यात बहुतेकदा आईबाबा दोघंही सदोष जनुकाचे वाहक असतात, स्वतः ठणठणीत. प्रत्येक गरोदरपणात धोका नव्याने २५ टक्के. आधीच्या बाळाचा त्याच्याशी संबंध नाही.

पडताळायचं तर आधी आजारी मुलाची जनुकचाचणी, मग त्याच दोषासाठी आईबाबांची. पुढच्या बाळाचं टाचेतलं रक्त ४८ तासांनंतर घेऊन १७-ओएचपी (या आजारात रक्तात वाढणारं संप्रेरक) तपासतात. हे कृपया टाळू नका: मुलग्यात जन्मतः सहसा काहीच दिसत नाही, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उलट्या होऊन, अंगातलं मीठ घटून जीव धोक्यात येऊ शकतो.