वॉर्सातील ओकोपोवा दफनभूमी : पार्श्वभूमी

वॉर्सातील ओकोपोवा रस्त्यावरची ज्यू दफनभूमी १८०६ साली सुरू झाली. आज तिचा विस्तार सुमारे ३३ हेक्टर आहे आणि तिथे दोन लाखांहून अधिक माणसे पुरलेली आहेत. यिद्दिश भाषेतले लेखक पेरेत्स १९१५ मध्ये आणि एस्पेरांतो या कृत्रिम भाषेचे जनक झामेनहॉफ १९१७ मध्ये इथे पुरले गेले, तोवर मोठ्या माणसांची दफनभूमी म्हणून तिचे नाव झाले होते.

पण आज तिच्याविषयी बोलताना घेटोचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीचा, काळ टाळता येत नाही. भूक आणि टायफसने घेटोत ८० हजारांवर माणसे मेली. त्यांतली हजारो इथल्या सामूहिक खड्ड्यांत निनावी पडून आहेत. याच आवारात जर्मनांनी घेटोत नेमलेल्या ज्यू समितीचे अध्यक्ष, अभियंता आडाम चेर्न्याकूव्ह यांची कबर आहे आणि तिच्याभोवतीचा वाद अजून शमलेला नाही.

२२ जुलै १९४२ रोजी जर्मनांनी फर्मावले, की पूर्वेकडे पाठवण्यासाठी रोज सहा हजार माणसे हजर करा. चेर्न्याकूव्ह यांनी निदान अनाथ मुलांना वगळावे म्हणून रदबदली केली. ती फुकट गेली. हद्दपारीच्या फर्मानावर सही न करता दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्या कार्यालयात सायनाइड घेतले. सप्टेंबर संपायच्या आत अडीच लाखांहून अधिक माणसे त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गेली.

एका बाजूचे म्हणणे असे, की स्वतःच्या लोकांना मरणाच्या गाडीत चढवण्यापेक्षा त्यांनी मरण पत्करले. दुसरी बाजू विचारते : गाड्या कुठे जाणार हे ओळखले होते, तर लोकांना सावध का केले नाही? त्यांनी आपले मरण खासगी बाब करून टाकली, हा ठपका ठेवणारे मारेक एडेलमान १९४३ च्या जर्मनांविरुद्धच्या घेटो उठावाचे एक म्होरके होते, म्हणून तो सहज झटकता येत नाही. तरीही चेर्न्याकूव्ह यांची रोजनिशी वाचली, की निर्णय कठीण होतो. जवळजवळ तीन वर्षे हा माणूस दररोज अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवत होता, अपमान गिळत होता. त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे.

एडेलमान २००९ मध्ये वारले. कामगार चळवळीच्या झेंड्यात गुंडाळलेली त्यांची शवपेटीही याच दफनभूमीत उतरवली गेली. युद्धानंतर कितीतरी वर्षे इथे रान माजले होते. २०१७ मध्ये सरकारने जतनासाठी १० कोटी झ्लॉटी (पोलंडचे चलन) दिले.