जुनी कार्डं, नवे स्लॉट: पीसीच्या बसची पार्श्वभूमी

१९८१च्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत जोडकार्डं खोचण्यासाठी ८ बिटांचे पाच स्लॉट होते. १९८४मध्ये बस, म्हणजे कार्डं आणि प्रोसेसर यांच्यातला माहितीचा सामायिक मार्ग, १६ बिटांची झाली, पण ६२ संपर्कांच्या जुन्या स्लॉटला धक्का न लावता त्याच्यापुढे ३६ संपर्कांचा तुकडा जोडला गेला. बहुतेक जुनी कार्डं चालत राहिली. रचनेची माहिती उघड असल्याने कोणीही कार्डं बनवू लागलं आणि ही आयएसए बस सगळीकडे रुजली.

खरा वाद १९८७चा. पीसीच्या मूळ निर्मात्यांनी, म्हणजे आयबीएमने, नव्या मालिकेत मायक्रो चॅनेल ही बस आणली. तांत्रिक बाजूने ती निःसंशय सरस होती. आयएसएवर साउंड कार्ड आणि नेटवर्क कार्ड एकाच आयआरक्यूवर (प्रोसेसरचं लक्ष वेधणाऱ्या तारेवर) आले की दोघांपैकी एक हमखास अडे. मग कॅबिनेट उघडा, कार्डावरचा इवलासा जम्पर (दोन पिना जोडणारी टोपी) हलवा, पुन्हा चालू करून बघा. मायक्रो चॅनेलमध्ये कार्डांना आयआरक्यू वाटून घेता येई आणि सेटिंग फ्लॉपीवरून होई. पण तिच्यात जुनं एकही कार्ड बसत नव्हतं, आणि ती वापरायची तर इतरांना परवाना शुल्क भरावं लागे. इतकी चांगली रचना मालकीहक्काच्या हट्टापायी वाया गेली, हे आजही खटकतं.

पुढच्याच वर्षी नऊ स्पर्धकांनी मिळून ईआयएसए बस जाहीर केली. तिचा स्लॉट दुमजली: जुनं कार्ड वरच्या संपर्कांवरच थांबे, नवं आणखी खोल जाऊन खालच्या ओळीला भिडे. कल्पना सुरेख, पण महाग. ती मुख्यतः सर्व्हरमध्येच दिसली.

१९९२ची व्हीएल बस ४८६ प्रोसेसरला इतकी बांधलेली होती की पुढचा प्रोसेसर पेंटियम येताच मागे पडली. त्याच वर्षीची पीसीआय प्रोसेसरपासून अलिप्त होती. आयआरक्यूची वाटणी आणि आपोआप सेटिंग तिने सर्वांपर्यंत नेलं, आणि कित्येक वर्षं मदरबोर्डवर आयएसए स्लॉटही तिच्या शेजारी राहिले. मात्र सेकंदाला १३३ मेगाबाइटची तिची क्षमता सगळ्या कार्डांत विभागली जाई. म्हणून १९९७मध्ये ग्राफिक्सला एजीपीचा स्वतंत्र स्लॉट मिळाला.

२००४पासून बोर्डांवर आलेल्या पीसीआय एक्सप्रेसने सामायिक तारा काढून प्रत्येक स्लॉटला स्वतःच्या लेन (माहितीच्या स्वतंत्र वाटा) दिल्या; पहिल्या आवृत्तीत एका लेनला प्रत्येक दिशेने सेकंदाला २५० मेगाबाइट. सॉफ्टवेअरच्या बाजूची रचना मात्र पीसीआयचीच ठेवली, त्यामुळे जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमही नवी कार्डं ओळखू शकल्या. पाचव्या आवृत्तीत लेनचा वेग सुमारे सोळापट झाला, तरी तिसऱ्या आवृत्तीचं कार्ड त्याच स्लॉटमध्ये चालतं.