काकूच्या पेजेत काय कमी होतं

आमच्या मालवणात आजारी माणसाला बघायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. काकू तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि मग सहा आठवड्यांचा 'शेक' (रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात) संपवून मुंबईहून घरी आली आणि आठवडाभरात तिच्या फळीवर रांग लागली: शहाळी, प्रोटीन पावडरचे दोन डबे, अँटिऑक्सिडंट कॅप्सूल, हळदीच्या अर्काच्या गोळ्या. पोटात मात्र जात होती ती उकड्या तांदळाची पेज, दिवसातून तीन वाट्या. "जिभेक चवच नाय गो," म्हणायची. शेकाने लाळ आटते, चव जाते, तोंडाची आतली कातडी सोलपटते. अशा तोंडाला पेजेसारखं दुसरं काही नाही.

पण हिशेब मांडून बघा. वाटीभर पेजेत तांदूळ असतात मूठभर, साधारण ४० ग्रॅम. त्यातून प्रथिनं मिळतात जेमतेम ३ ग्रॅम, म्हणजे दिवसाची ९ ग्रॅम. कॅन्सरच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ग्रॅमपेक्षा जास्त, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिनं मिळावीत, असं युरोपातल्या आहारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. काकूचं वजन ४८ किलो. म्हणजे किमान ४८ ग्रॅम तरी हवीत.

उरलेली तूट शरीर स्वतःच्या स्नायूंतून भरून काढतं. त्यातच आजाराने आणि उपचाराने अंगात जो दाह उठतो, तो स्नायू मोडण्याचा वेग आणखी वाढवतो. काकूच्या बांगड्या हात वर केला की कोपरापर्यंत घसरायच्या, ते हेच.

म्हणून पेज बंद करायची नव्हती, तिच्यात भर घालायची होती. कुळथात १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. पिठी करायची, पण मिरची आणि कोकम न घालता, कारण सोललेल्या तोंडाला दोन्ही झोंबतात. बांगडा वाफवून, काटे बोटांनी चाचपून काढून, पेजेत कुस्करायचा. वर नारळाचा घट्ट रस, तेवढीच ताकद. एवढं करूनही आकडा गाठला नाही, तर पावडर. पावडर हे औषध नाही, चावायला न लागणारं अन्न आहे, आणि त्या दिवसांत तेवढाच तिचा उपयोग, पण तो मोठा आहे. डब्यामागचा तक्ता मात्र वाचा: काही डब्यांत प्रथिनांपेक्षा साखरच जास्त असते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

कॅप्सूल आणि हळदीच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. शेक कॅन्सरच्या पेशी मारतो तो बऱ्याच अंशी पेशीत फ्री रॅडिकल (पेशीची मोडतोड करणारे अस्थिर रेणू) तयार करून, आणि अँटिऑक्सिडंट नेमकं तेच विझवतं. कॅनडात डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर याची चाचणी झाली, निष्कर्ष २००५ साली आले. शेक चालू असताना व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन (गाजर-पपईतलं केशरी द्रव्य) घेणाऱ्यांना त्रास कमी झाला, पण कॅन्सर त्याच जागी परतण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त दिसलं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या अभ्यासात बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला (१९९४). गाजर-पपई खायला कुणी नको म्हणत नाही. गोळीतला डोस ताटातल्या घासाएवढा नसतो, एवढंच.

घरच्या फळाचंही एक सांगते. ग्रेपफ्रूट आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम अडवतं आणि कॅन्सरच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. गणपतीत आपण मूर्तीवरच्या माटवीला बांधतो ते पपनस त्याच कुळातलं. इमॅटिनिबसारख्या गोळ्या चालू असतील, तर ते खाण्याआधी विचारा.

काही गोळ्या-इंजेक्शनं खरोखर लागतात. जठर काढलेल्या माणसाला बी-१२ शोषून घ्यायला लागणारा घटकच तयार होत नाही. त्याला इंजेक्शन आयुष्यभर. स्तनाच्या कॅन्सरनंतर लेट्रोझोल घेणाऱ्या बाईची हाडं विरळ होतात. तिला कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी.

पुढच्या तपासणीला काकूने फळीवरचं सगळं पिशवीत भरून नेलं. डॉक्टरांनी एकेक डबा हातात घेऊन वाचला. एक पावडर ठेवली, कॅप्सूल आणि हळदीच्या गोळ्या बंद केल्या, आणि पेजेत मासा किती घालता, ते ग्रॅममध्ये लिहून आणायला सांगितलं. आता चुलीशेजारी वजनकाटा असतो.