हॉलीहॉक पहिल्याच हंगामात फुलतो

हॉलीहॉक हे फुलझाड पेरल्यावर दुसऱ्या वर्षीच फुलते, म्हणून कोकणात त्याच्या नादी लागू नये, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे खरे नाही. तो अनुभव थंड देशांतला, जिथे रोप हिवाळा सुप्तावस्थेत काढते. आपल्याकडे पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात लवकर फुलणाऱ्या वाणाचे बी टाकले, तर साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच रोपाला फुले येतात. भर पावसात पेरलेली रोपे कुजतात आणि दोष मात्र बिचाऱ्या झाडावर येतो. भेंडी-जास्वंदीच्या कुळातल्या या झाडाचे सोटमूळ खोल जाते. त्यामुळे सुक्या बोंडात चाकासारखे रचलेले चपटे बी चिऱ्याच्या गडग्यालगत (दगडी कुंपणालगत), उन्हाच्या आणि पाणी न साचणाऱ्या जागी थेट पेरावे, आणि पाणी पानांवर न शिंपडता बुंध्याशीच द्यावे, कारण ओल्या पानांवर तांबेरा हा बुरशीचा रोग लवकर पसरतो.