वचनचिठ्ठीचा वाद आणि देवाची वाणी ऐकण्याची मराठवाड्यातली परंपरा

डिसेंबर लागला की जालना, अंबड, बदनापूर या पट्ट्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये गेली काही वर्षे एक विषय हमखास निघतो. 31 तारखेच्या रात्री उपासनेत वचनचिठ्ठ्या काढायच्या की नाही? बाहेरच्याला हा वाद क्षुल्लक वाटेल. ताटात घडी घातलेले कागद, त्यांवर बायबलमधली एकेक ओळ, ज्याने त्याने एक उचलायची आणि वर्षभर जपायची, एवढेच तर असते. पण हाच कागद घरोघरी ‘देव यंदा माझ्याशी हे बोलला’ म्हणून सांगितला जातो आणि तिथून प्रश्न मोठा होतो. देव रोजच्या जगण्यात बोलतो यावर मंडळीत दुमत नाही. मतभेद आहे तो ऐकलेले त्याचेच आहे हे ओळखायचे कोणी, यावर. हा वाद समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते.

बालशमुवेलाची गोष्ट रविवारच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. तिच्यातली एक बाब मात्र सहसा निसटते. रात्री देवाची हाक शमुवेलाला आली खरी, पण ती कोणाची हे म्हाताऱ्या याजक एलीने ओळखले, तेही मुलगा तिसऱ्यांदा उठून आल्यावर. एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ओळखायला मदत करायची, ही जोडी मंडळीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा मोडली आणि पुन्हा पुन्हा जुळवली गेली. दुसऱ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रुगियात काही जण थेट देवाच्या तोंडाने बोलू लागले आणि मंडळीने त्यांना नाकारले. 386 मध्ये मिलानच्या एका बागेत ऑगस्टीनला शेजारून लहान मुलाचा ‘उचल आणि वाच’ असा आवाज आला. त्याने पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले, आणि नजरेस पडलेल्या ओळींनी त्याचे आयुष्य फिरवले. चिठ्ठीचे समर्थक आजही हा दाखला देतात.

चिठ्ठीचा आजचा प्रकार मात्र बराच अलीकडचा आहे. सॅक्सनीतल्या हेर्नहूट या वसाहतीत मोरावियातून आलेले निर्वासित ख्रिस्ती राहत. तिथे 1728 च्या मे महिन्यात रोज एक वचन घरोघरी पोचवण्याची पद्धत सुरू झाली. 1731 पासून वर्षाची वचने छापून येऊ लागली आणि ती चिठ्ठ्या टाकून निवडली जात. वर्षअखेरची जागरणाची उपासनाही त्याच वसाहतीतली, आणि पुढे मेथडिस्टांनी ती उचलली. मोरावियन मंडळी लग्ने जुळवतानाही चिठ्ठी टाकत, पण 1818 मध्ये सर्वसाधारण सभासदांच्या लग्नांपुरते ते बंधन त्यांनी स्वतःच काढले. रोजचे वचन तेवढे ठेवले, ते आजतागायत. म्हणजे आपल्याकडचा वाद त्या घरात दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला आणि उत्तर अर्धे हो, अर्धे नाही असे आले.

मराठवाड्यात सुवार्ता आली ती निजामाच्या राज्यात. 1860 च्या दशकात औरंगाबादच्या छावणीभोवती आणि जालन्यात काम उभे राहिले. मुंबईत 1843 साली बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मण उपदेशकाने जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. वैजापूरच्या बाजूला कॅथलिक धर्मगुरू 1890 च्या दशकात आले. हे तपशील इथल्या जुन्या घरांना सांगायला नकोत. लक्षात घ्यायचे ते हे की विश्वासात आलेले बहुतेक महार आणि मांग कुटुंबांतले होते आणि त्यांतल्या फार थोड्यांना वाचता येत होते. सरकारी कारभार फारसी-उर्दूत, शाळा दूर. त्यामुळे त्यांनी देवाचे वचन पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले नाही, कानांनी ऐकले. दिवेलागणीला कोणीतरी वाचायचे, दहा-पंधरा जणांनी ऐकायचे, मग त्यावर भजन. एकट्याने बसून देवाचे ऐकावे अशी सोयच नव्हती. ऐकणे सर्वांचे होते, म्हणून अर्थ काढणेही सर्वांचे होते.

आणि ही भूमी काही मुकी नव्हती. पैठण, आपेगाव, नरसी आणि गंगाखेड ही सगळी मराठवाड्यातलीच. दळताना, शेण्या वेचताना विठोबा सोबतीला येतो असे सांगणारी जनाबाई गंगाखेडची. देव कामाच्या जागी भेटतो ही कल्पना इथल्या बायांना मिशनऱ्यांकडून शिकावी लागली नाही. दुसऱ्या बाजूला गावात कौल लावण्याचीही रीत होती. देवाच्या अंगावर तांदूळ किंवा पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. अंगात येणे होते, तुळजापूरच्या वाटेवर घुमणे होते. बाप्तिस्मा घेताना कौल सोडायचा हे स्पष्ट सांगितले जाई. भजन मात्र राहिले, आणि फार चांगले झाले की राहिले. चिठ्ठीला विरोध करणाऱ्यांच्या मनात हीच जुनी शपथ आहे. आजोबांनी कौल सोडला आणि नातू ख्रिस्ती देवळात ताटातून चिठ्ठी उचलतो, हे त्यांना खुपते. त्यांची ही वेदना खरी आहे, तिला कडवेपणा म्हणू नये.

एकांतात ऐकण्याची सवय विसाव्या शतकात हळूहळू आली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात 1905 मध्ये झालेल्या आत्मिक जागृतीच्या कथा गाडीमार्गाने इकडे पोचल्या. रमाबाईंनी साध्या बायकांना समजावे म्हणून केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा मांडला, तेव्हा ही ख्रिस्ताची हाक की कवीची लहर, असे त्यांच्याच लोकांनी विचारले. दोन वर्षांत ते गेले आणि त्या प्रश्नाचा निकाल लागला नाही. त्यांची पदे मात्र प्रत्येक मंडळीच्या तोंडी आहेत. पुढे वसतिगृहांत शिकलेली पिढी सकाळची शांतवेळ घेऊ लागली. बायबल, वही, पेन्सिल आणि पंधरा मिनिटे, एवढाच तिचा सरंजाम. कॅथलिक वस्त्यांत व्हॅटिकनच्या 1962 ते 1965 च्या परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली आणि पूर्वी लॅटिनमध्ये चालणारी उपासना पहिल्यांदा कळू लागली.

स्वातंत्र्यानंतर एक गोष्ट घडली, तिचा या विषयाशी थेट संबंध आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राहिला. तो 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. त्यामुळे बाप्तिस्मा घ्यावा का, नोंद करावी का, मुलाच्या दाखल्यावर काय लिहावे, या प्रश्नांवर कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे ‘देव काय सांगतो’ याची वाट पाहत राहिली. ज्यांच्याकडून एवढी किंमत मागितली जाते त्यांना नेमके शब्द हवे असतात. गोलगोल सांत्वन पुरत नाही.

मग किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे झोपेत गाडली गेली. हजारो माणसे मेली. त्यानंतरच्या महिन्यांत आमच्या भागात दोन तऱ्हेचे उपदेश कानावर आले. काहींनी ही देवाची शिक्षा आहे, देव बोलला आहे, असे गर्जून सांगितले. काही पाळकांनी एलीया संदेष्ट्याचा उतारा काढला. होरेब डोंगरावर प्रचंड वारा सुटला, त्यात परमेश्वर नव्हता. मग भूमिकंप झाला, त्यातही परमेश्वर नव्हता. अग्नीनंतर शांत, मंद वाणी झाली. ढिगारे उपसून आलेल्या माणसांसमोर हा उतारा वाचायला धैर्य लागत होते, आणि माझ्या मते तोच खरा उपदेश होता. किल्लारीनंतर आमच्याकडच्या अनेकांनी आपत्तीतून देवाचा निरोप वाचणे सोडले. पण त्यामुळे मंद वाणी ऐकायची कुठे, ही भूक अधिक वाढली. प्रार्थनासभा वाढल्या, घरगुती सभांमध्ये ‘देव असे सांगतो’ म्हणून उघड संदेश येऊ लागले, आणि छापील वचनचिठ्ठ्याही याच वर्षांत गावोगाव पोचल्या.

आता मूळ वादाकडे. इथे ऊसतोडीचा हिशेब मध्ये येतो. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत येत नाहीत. म्हणजे 31 डिसेंबरच्या रात्री देवळात म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि पाळक, एवढीच मंडळी. फडाजवळच्या कोपीवरून, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवरून, फोन येतो, “आत्या, माझी बी चिठ्ठी काढ.” आत्या दोन-तीन जास्तीच्या चिठ्ठ्या उचलते, नातीकडून वाचून घेते आणि फोनवर ऐकवते. पुढे ती चिठ्ठी मोबाइलच्या प्लास्टिक कव्हरमध्ये, आधारकार्डाच्या झेरॉक्ससोबत राहते. उसाच्या फडात, पाचटाच्या धगीत, त्या बाईकडे बायबल नसते. ती एक ओळ असते.

एका वर्षी अशीच दुसऱ्याने काढलेली चिठ्ठी एका कुटुंबाला मिळाली. यशयाच्या 54 व्या अध्यायातली, ‘आपल्या डेऱ्याची जागा वाढव’. घरच्यांनी याचा अर्थ जमीन घ्यायची असा लावला. शेळ्या विकल्या, सावकाराकडून पैसे उचलले, अर्धा एकर घेतली. पाऊस गेला, व्याज वाढले, आणि पुढच्या हंगामात नवरा-बायकोसोबत शाळा सोडलेला मुलगाही फडात गेला. मंडळीच्या पंचांपुढे हे आले तेव्हा त्यांनी चिठ्ठ्या बंद करायचा निर्णय घेतला. त्यांचे म्हणणे तीन मुद्द्यांचे होते. अध्यायातून तोडलेली ओळ काहीही बोलते. चिठ्ठीवर सगळी गोड वचनेच असतात, अन्यायावर कडक बोलणाऱ्या आमोस संदेष्ट्याचा एक शब्द नसतो. आणि प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना चिठ्ठ्या टाकल्या हे खरे, पण पवित्र आत्मा उतरल्यावर नव्या करारात पुन्हा कुठे त्या टाकल्याचे दिसत नाही. यरुशलेमेत मोठा प्रश्न आला तेव्हा सगळे बसले, बोलले, आणि ‘पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले’ असे लिहून पाठवले.

तिन्ही मुद्दे बिनतोड आहेत. तरीही पुढच्या डिसेंबरात उपासनेनंतर एक म्हातारी पंचांसमोर उभी राहिली. “तुम्हांला सगळं पुस्तक वाचता येतं. मला वर्षाला एक ओळ मिळत होती, ती बी काढून घेतली,” ती म्हणाली. त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही. पंच कमिटीत तेव्हा एकही बाई नव्हती, ही गोष्ट या वादात कोणी फारशी बोलत नाही, पण बोलायला हवी. प्रार्थनासभेत बाईला देवाचा शब्द मिळाला असे सांगता येते, तिथे तिचे ऐकले जाते. कमिटीत तिचे मत विचारले जात नाही. चिठ्ठी आणि संदेश यांच्यावर बायकांचा एवढा जीव का, याचे निम्मे कारण इथे आहे.

सर्वांत लोकप्रिय चिठ्ठी यिर्मया 29:11 ची. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत. हे वचन बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे. त्याच्या आधीच्याच ओळीत सत्तर वर्षे थांबावे लागेल असे स्पष्ट लिहिले आहे, आणि त्याच्याही आधी परक्या मुलखात घरे बांधा, बागा लावा, त्या नगराचे हित चिंता असे सांगितले आहे. पोटासाठी परमुलखात सहा महिने काढणाऱ्या माणसांना हा पूर्ण अध्याय जेवढा लागू पडतो तेवढा क्वचितच कोणाला पडत असेल. चिठ्ठीवर मात्र फक्त अकरावी ओळ येते. मला चिठ्ठीची अडचण वाटते ती एवढीच. ती खोटे बोलत नाही, पण अर्ध्यावर थांबते.

शेवटी तोडगा निघाला तो बायकांच्याच सभेतून. चिठ्ठ्या पुन्हा सुरू झाल्या. आता प्रत्येक चिठ्ठीवर अध्याय आणि ओळ ठळक लिहितात आणि दुसऱ्याच्या नावाने चिठ्ठी काढत नाहीत. फडावरच्यांसाठी पाळक फोन स्पीकरवर ठेवून पूर्ण अध्याय वाचतात. जमीन, कर्ज, सोयरीक आणि औषध या चार गोष्टींत कोणाला ‘देवाने सांगितले’ असे वाटले, तर आधी दोन वडीलधाऱ्यांशी बोलायचे, त्यांतली एक बाई असलीच पाहिजे. औषध या यादीत आले त्याला कारण आहे. प्रार्थनेत बरे झाल्याचा संदेश मिळाला म्हणून क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडणारी माणसे आमच्याकडे झाली आहेत, आणि मध्येच सोडलेल्या गोळ्यांनी क्षय औषधाला दाद देईनासा होतो. पौलाने थेस्सलनीकाकरांना आत्म्याला विझवू नका आणि सर्व गोष्टींची पारख करा या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या आहेत. आपल्या मंडळ्यांत एक गट पहिली ओळ धरून बसतो, दुसरा दुसरी.

हा तोडगा सगळ्यांनी मानलेला नाही. शेजारच्या काही मंडळ्यांत चिठ्ठ्या बंदच आहेत. काही घरगुती सभांमध्ये ‘मी तुमचा देव सांगतो’ अशा शब्दांत उघड संदेश चालतात आणि त्यांची पारख करायला तिथे कोणी नेमलेले नाही. तरुण मुलांना तर डिसेंबरची वाट पाहण्याची गरजच उरलेली नाही. रोज सकाळी व्हॉट्सॅपवर सूर्योदयाच्या चित्रावर एक वचन येते, तेही अध्यायाविना. त्यांच्यासाठी जानेवारीपासून गुरुवारच्या कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, त्या दिवशी फोनवर आलेल्या वचनाचा अख्खा अध्याय मोठ्याने वाचायचे ठरले आहे. वाचायला मुले आहेत, ऐकायला म्हाताऱ्या आहेत, आणि अर्थ विचारायची सुरुवात म्हाताऱ्यांनीच केली आहे.