धूम्रपानमुक्ती : सिगारेट सोडण्याच्या पद्धती आणि साहाय्य

धूम्रपानमुक्ती म्हणजे सिगारेट, बिडी अशा धुराच्या तंबाखूचे सेवन थांबवणे आणि ते पुन्हा सुरू होऊ न देणे. या व्याख्येतला दुसरा भाग पहिल्याहून अवघड आहे. सिगारेट दोन-चार दिवस बंद ठेवणारे पुष्कळ असतात. पण कोणत्याही मदतीशिवाय सोडू पाहणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकून राहणारे शंभरात तीन ते पाचच आढळतात. याचा दोष इच्छाशक्तीच्या अभावाला देण्याची रीत आपल्याकडे रूढ असली, तरी ती अन्यायकारक आहे. वैद्यकशास्त्र तंबाखूच्या अवलंबित्वाला आजार मानते आणि त्यावर परिणाम सिद्ध झालेले उपचार उपलब्ध आहेत.

झुरका घेतल्यावर निकोटिन फुफ्फुसांतून रक्तात शिरते आणि दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तिथल्या पेशींवरील विशिष्ट ग्राहींना (रसायन जिथे चिकटते त्या जागांना) ते चिकटले की डोपामिन हे सुखद भावना देणारे रसायन स्रवते आणि क्षणभर बरे वाटते. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येत असल्याने ही तृप्ती टिकत नाही आणि तलफ पुन्हा येते. सिगारेट बंद केल्यावर चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, एकाग्रता न होणे आणि वाढलेली भूक ही लक्षणे काही तासांत सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवतात आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. शरीराच्या या मागणीला सवयीची जोड असते: टपरीवरचा कटिंग चहा, जेवणानंतरची दहा मिनिटे, कामाच्या ठिकाणचा ठरलेला कोपरा आणि तिथला ठरलेला सोबती. औषध पहिल्या बंधनावर काम करते, समुपदेशन दुसऱ्यावर. म्हणून दोन्ही एकत्र दिल्यास यशाची शक्यता कोणत्याही एकाहून जास्त असते.

उपचाराची सुरुवात अवलंबित्व मोजण्यापासून होते. त्यासाठी कार्ल-ओलोव फागरस्ट्रॉम यांच्या नावाने ओळखली जाणारी सहा प्रश्नांची, शून्य ते दहा गुणांची चाचणी वापरतात. तिच्यातला सर्वांत बोलका प्रश्न म्हणजे सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने ओढता, हा. नंतर सोडण्याची तारीख ठरवतात. रोज एकेक कमी करत जावे की ठरल्या दिवशी एकदम थांबावे, या जुन्या वादावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील सुमारे ७०० जणांच्या चाचणीने बराच प्रकाश टाकला: चार आठवड्यांनंतर एकदम थांबणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के सिगारेटपासून दूर राहिले होते.

औषधांमध्ये सर्वांत जुना मार्ग निकोटिन प्रतिस्थापनाचा, म्हणजे धूर वगळून फक्त निकोटिन कमी मात्रेत देण्याचा. पाणबुडीत सिगारेट ओढता न येणारे नौसैनिक तंबाखू चघळून तलफ भागवतात, या निरीक्षणातून १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये ओवे फर्नो यांनी निकोटिन गमचा पाठपुरावा सुरू केला. पुढे त्वचेवर चिकटवण्याचे पॅच आणि चोखण्याच्या गोळ्या आल्या. पॅच दिवसभर संथपणे निकोटिन पुरवतो आणि अचानक येणारी तलफ गमने आवरता येते, त्यामुळे दोहोंची जोडी एकट्या साधनापेक्षा सरस ठरते. गम बहुतेक वेळा फसतो तो चुकीच्या वापरामुळे. तो साध्या च्युइंगमसारखा चघळत राहायचा नसतो. तिखटसर चव येईपर्यंत सावकाश चावून तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचा आणि चव गेली की पुन्हा चावायचा, असे सुमारे अर्धा तास करावे लागते. कॉफी, फळांचा रस किंवा थंड पेय यांमुळे तोंड आम्लधर्मी झाल्यास निकोटिन नीट शोषले जात नाही, म्हणून आधीची पंधरा मिनिटे ती टाळतात. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्यांना २ ऐवजी ४ मिलिग्रॅमचा गम सुचवला जातो.

सिगारेट सोडण्यासाठी दिले जाणारे बुप्रोपिऑन हे मूळचे नैराश्यावरचे औषध आहे. ते फिट येणाऱ्यांना देत नाहीत. व्हॅरेनिक्लिन निकोटिनच्याच ग्राहींना अंशतः उद्दीपित करते, त्यामुळे तलफ कमी होते आणि सिगारेट ओढली तरी पूर्वीचे समाधान मिळत नाही. त्याच्या मानसिक दुष्परिणामांविषयीची भीती २०१६ च्या, आठ हजारांहून अधिक जणांच्या चाचणीनंतर बरीच ओसरली. ही दोन्ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, ठरलेल्या तारखेच्या साधारण आठवडाभर आधी सुरू करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये तंबाखू सोडण्याबाबतची आपली पहिली उपचार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात वरील औषधांबरोबर पूर्व युरोपात १९६० च्या दशकापासून वापरात असलेल्या सायटिसिनचीही शिफारस आहे.

भारतात तंबाखूमुक्ती केंद्रांची सुरुवात २००२ मध्ये झाली. १८००-११-२३५६ ही निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली. २०१८ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासह आणखी केंद्रे जोडली गेली आणि त्याच वर्षी हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावर छापणे बंधनकारक झाले. नोंदणी केलेल्या व्यक्तीला समुपदेशक नंतर स्वतःहून फोन करतात. पहिल्या काही आठवड्यांत ही विचारपूस फार मोलाची असते.

महाराष्ट्रात सल्ला देताना एक विशेष खबरदारी घ्यावी लागते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत होते. मळलेली तंबाखू किंवा मिश्री जिथे घरोघरी आढळते, तिथे सिगारेट सोडणारा माणूस सहज तिच्याकडे वळतो आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका कायम राहतो. ई-सिगारेटच्या उत्पादनावर आणि विक्रीवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. सुट्या सिगारेटींची विक्री राज्याने २०२० मध्ये बंद केली. एकच सिगारेट विकत मिळणे हे परत सुरू होण्याचे मोठे निमित्त असते.

ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासातून रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले, की साठाव्या वर्षी सिगारेट सोडल्यास सरासरी ३, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी सुमारे १० वर्षे आयुष्य वाचते. उशीर झाला म्हणून सोडून उपयोग नाही, या समजुतीला हे थेट उत्तर आहे. वजन सरासरी चार-पाच किलोंनी वाढू शकते, हे मात्र रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे. धुरातील घटकांमुळे कॅफिन शरीरातून लवकर बाहेर पडत असते. धूर थांबला की तेवढीच कॉफी जास्त चढते आणि तिची धडधड तलफेची वाटते. थिओफिलिन (दम्यावरचे औषध) किंवा क्लोझापिन (गंभीर मानसिक आजारावरचे औषध) घेणाऱ्यांची मात्रा याच कारणाने डॉक्टरांकडून तपासून घ्यावी लागते.

कायमची मुक्ती बहुतेकांना पहिल्या प्रयत्नात मिळत नाही. एखादा झुरका घेतला जाणे आणि पूर्वीसारखी रोजची सिगारेट सुरू होणे यांत समुपदेशक फरक करतात आणि झुरक्यानंतर लगेच संपर्क साधायला सांगतात. मागचा प्रयत्न कितव्या दिवशी, कुठे आणि कोणाच्या सोबतीत मोडला, याची बारकाईने चौकशी करून त्यावरून पुढच्या तारखेची, औषधाची आणि त्या वेळी टाळायच्या ठिकाणांची आखणी केली जाते.