पेट्रोल खपेनासं झालं, तर बॅरलचं काय?

नॉर्वेत 2024 साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या होत्या. त्याच वर्षी जगभरात, प्लग-इन हायब्रिड (चार्ज करता येणाऱ्या, पण इंजिनही असलेल्या मोटारी) धरून, 1 कोटी 70 लाखांहून अधिक विजेच्या मोटारी खपल्या. म्हणजे नव्या पाचांत एक. जगाला रोज 10 कोटी बॅरलहून जास्त तेल लागतं आणि त्यातलं सुमारे 45 टक्के रस्त्यावरची वाहनं पितात. तेव्हा तेल कंपन्या अस्वस्थ असणार, हे उघड आहे. त्या काय करताहेत हे बघायला आपण त्यांच्या पंपांवरच्या चार्जरकडे पाहतो. पण माझ्या मते खरी हालचाल रिफायनरीच्या आत चालू आहे.

कच्चं तेल हा एकच एक द्रव नाही. लहानमोठ्या हजारो हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण असतं. ते तापवलं की उत्कलनबिंदूनुसार थर वेगळे होतात: वरच्या बाजूला हलका नाफ्था आणि पेट्रोलचा भाग, त्याखाली विमानाचं इंधन, मग डिझेल आणि तळाशी जड, डांबरासारखा अवशेष. 159 लिटरच्या बॅरलमधून ‘फक्त डिझेल द्या, पेट्रोल नको’ असं म्हणता येत नाही. जोवर ट्रक, जहाजं आणि विमानं तेल मागताहेत, तोवर पेट्रोलच्या मापाचे रेणूही निघतच राहणार. मोटारी विजेवर गेल्या, तर या रेणूंसाठी दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागेल.

ते गिऱ्हाईक म्हणजे प्लास्टिक. नाफ्था वाफेबरोबर 800 अंश सेल्सिअसच्या वर तापवला की त्याचे रेणू तुटून इथिलीन आणि प्रोपिलीन मिळतात आणि त्यांच्यापासून पॉलिथिन, पॉलिप्रोपिलीन बनतं. याहून मजेशीर गोष्ट ‘कॅटॅलिटिक क्रॅकर’ या यंत्रणेची. जड तेल तोडून जास्तीत जास्त पेट्रोल काढता यावं, म्हणूनच ती वाढली आणि जगभर पसरली. तिच्यात 500 अंशांच्या आसपास झिओलाइट नावाच्या सच्छिद्र उत्प्रेरकाची भुकटी खेळत असते. त्या भुकटीत झेडएसएम-5 या अधिक बारीक छिद्रांच्या झिओलाइटची भर घातली, की पेट्रोलच्या मापाचे काही रेणू आणखी तुटून प्रोपिलीन वाढतं. यंत्र तेच, फक्त कल बदलला. सौदी अरामकोने 2020 मध्ये सुमारे 69 अब्ज डॉलर मोजून सॅबिक या रसायन कंपनीचा 70 टक्के हिस्सा घेतला, त्यामागचा हिशेब इथे कळतो. मला याची काळजीही वाटते. धुराड्यातून कमी झालेलं तेल प्लास्टिकच्या रूपाने नदी-समुद्रात गेलं, तर आपण फक्त कचऱ्याची जागा बदलली असं होईल.

बॅरलच्या तळाचं काय? क्रॅकरमधून उरणाऱ्या जड तेलापासून ‘नीडल कोक’ हा सुईसारख्या तंतूंचा कोळसा बनतो. तो 3000 अंशांच्या आसपास तापवला की कृत्रिम ग्राफाइट तयार होतं आणि तेच लिथियम-आयन बॅटरीच्या ऋणाग्रात, म्हणजे ऋण टोकात, बसतं. मध्यम आकाराच्या मोटारीच्या बॅटरीत 50 किलोंच्या आसपास ग्राफाइट असतं. ब्रिटनमधली फिलिप्स 66 कंपनीची हंबर रिफायनरी असा कोक पुरवते. म्हणजे तेलाला हटवणाऱ्या मोटारीच्या पोटातही थोडं तेल आहेच.

या नात्याची सुरुवातही तेल कंपनीतच झाली होती. 1970च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉनच्या प्रयोगशाळेत पुन्हा चार्ज होणारी लिथियम बॅटरी घडवली. कंपनीने पुढे तो नाद सोडला. व्हिटिंगहॅम यांना 2019 मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी होता आलं. आता तीच कंपनी, एक्सॉनमोबिल, लिथियमकडे परतली आहे. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात सुमारे 3000 मीटर खोल, स्मॅकओव्हर नावाच्या खडकाच्या थरात लिथियमयुक्त खारं पाणी आहे. ते वर आणायचं, लिथियम वेचून घ्यायचं आणि उरलेलं पाणी पुन्हा खाली सोडायचं, अशी योजना तिने नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केली. खोल विहिरी खणणं आणि खडकातल्या द्रवाचा अंदाज बांधणं यात तेलवाल्यांचा हात धरणारं कोणी नाही. त्यामुळे मला हा बदल सगळ्यांत स्वाभाविक वाटतो.

चार्जिंगचा धंदा मात्र अवघड आहे. बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने 2018 मध्ये चार्जमास्टर ही चार्जिंग कंपनी विकत घेतली. शेलने 2022 मध्ये लंडनच्या फुलहॅम भागातला एक पंप पेट्रोल बंद करून फक्त चार्जिंगचा केला. पण भौतिकशास्त्र आडवं येतं. मिनिटाला 40 लिटर पेट्रोल सोडणारी नळी सुमारे 20 मेगावॉट दराने ऊर्जा ओतते. फुलहॅमचा एक चार्जर देतो 175 किलोवॉट. विजेची मोटार त्याच ऊर्जेत तीन-चार पट लांब जाते हे खरं. तरी फरक प्रचंड उरतो. शिवाय ज्यांना घरी चार्ज करता येतं ते स्टेशनवर येतात फक्त लांबच्या प्रवासात.

पैसा कुठे जातो हे पाहिलं की कंपन्यांचा खरा अंदाज कळतो. बीपीने 2020 मध्ये, दशकाअखेर तेल-वायूचं उत्पादन 40 टक्क्यांनी घटवण्याचं ठरवलं. युक्रेन युद्धानंतर भाव चढले, नफा वाढला आणि 2023 मध्ये ते लक्ष्य 25 टक्क्यांवर आलं. फेब्रुवारी 2025 मध्ये ते सोडूनच देऊन कंपनीने तेल-वायूवर वर्षाला सुमारे 10 अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. अरामकोने तर रेनो आणि गीली या मोटार कंपन्यांच्या इंजिन बनवणाऱ्या संयुक्त कंपनीत 10 टक्के वाटा घेतला आहे. इंजिन अजून बरीच वर्षं टिकेल, यावर लावलेला हा उघड डाव आहे.

पण सगळ्याच रिफायनऱ्यांना अशी वाट सापडत नाही. एनी या इटालियन तेल कंपनीने व्हेनिसजवळची आपली जुनी रिफायनरी 2014 मध्ये वनस्पतीतेल आणि टाकाऊ चरबीपासून इंधन बनवणाऱ्या कारखान्यात बदलली. स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथला तसं जमलं नाही. 1924 मध्ये सुरू झालेल्या त्या रिफायनरीतलं शुद्धीकरण एप्रिल 2025 मध्ये थांबलं. कारणं अनेक होती: जुनी यंत्रं, तोटा, आशियातल्या नव्या अवाढव्य कारखान्यांशी स्पर्धा आणि इंधनाची घटती मागणी. आता तिथे बाहेरून आलेलं तयार इंधन उतरवलं जातं आणि त्या कामाला पूर्वीइतकी माणसं लागत नाहीत.